चंद्रकांता, संतती की भूतनाथ? : देवकीनंदन खत्री यांचे जीवन आणि त्यांची तीन पुस्तके



एखादी मोठी ग्रंथमाला वाचून झाली की वाचकांमध्ये एक वाद हमखास सुरू होतो. त्यातले सर्वांत चांगले पुस्तक कोणते? हॅरी पॉटरच्या सात पुस्तकांवरून तुमच्या वसतिगृहात असा वाद झाला असेलच. आपल्या देशात, देवनागरी लिपीत लिहिलेल्या एका अद्भुत कथामालेवरून हाच वाद शंभर वर्षांहून अधिक काळ चालू आहे. ती माला म्हणजे 'चंद्रकांता', 'चंद्रकांता संतती' आणि 'भूतनाथ'. ती लिहिणारे देवकीनंदन खत्री. त्यांचे आयुष्य जाणून घेतले की या वादात कोणती बाजू घ्यावी हेही थोडे स्पष्ट होते, म्हणून आधी त्यांची ओळख करून घेऊ.

आपण चंडीगडमध्ये राहतो आणि खत्रींचे मूळही पंजाबातलेच. त्यांचे पूर्वज मोगलांच्या काळात मोठ्या हुद्द्यांवर होते. महाराजा रणजितसिंहांच्या मृत्यूनंतर लाहोरच्या दरबारात अस्थिरता आली. रणजितसिंहांचे पुत्र शेरसिंह यांच्या कारकिर्दीत, म्हणजे १८४१ ते १८४३ च्या काळात, देवकीनंदन यांचे वडील लाला ईश्वरदास पंजाब सोडून काशीला आले आणि तेथेच स्थायिक झाले. देवकीनंदन यांचा जन्म जून १८६१ मध्ये बिहारमधील पूसा येथे, आजोळी झाला. लहानपणी त्यांचे शिक्षण उर्दू आणि फारसीत झाले. काशीला आल्यावर ते हिंदी आणि संस्कृत शिकले. ज्या माणसाने पुढे हिंदीला लाखो वाचक मिळवून दिले, त्याची शाळेतली पहिली भाषा हिंदी नव्हती. घरापासून दूर, दुसऱ्या भाषेत शिकणाऱ्या आपल्या मराठी कॅडेटांनी ही गोष्ट ध्यानात ठेवावी.

तरुणपणी त्यांनी गयेजवळच्या टिकारी संस्थानात व्यापार केला. नंतर काशीचे महाराज ईश्वरीप्रसाद नारायण सिंह यांच्याकडून त्यांना चकिया आणि नौगढ या भागांतील जंगलांचा ठेका मिळाला. आज हा भाग उत्तर प्रदेशातील चंदौली जिल्ह्यात येतो. विंध्य पर्वताच्या रांगा, दाट झाडी, खोल दऱ्या, धबधबे, गुहा आणि ओसाड पडलेले जुने किल्ले असा तो मुलूख आहे. ठेकेदाराचे काम म्हणजे लाकूडफाट्याचा हिशेब. पण देवकीनंदन यांना भटकण्याचा नाद होता. मित्रांना बरोबर घेऊन ते दिवसच्या दिवस त्या रानात फिरत, पडक्या वाड्यांतून आणि किल्ल्यांतून हिंडत. या तळघरात काय असेल, ही भिंत इतकी जाड का बांधली असेल, हा जिना कोठे जात असेल, असे प्रश्न तेथे कोणालाही पडतील. सह्याद्रीच्या गडांवर चोरदरवाजे आणि भुयारे शोधत फिरलेल्या आपल्या मुलांना हा नाद चांगला समजेल.

पुढे जंगलाचा ठेका हातातून गेला. उत्पन्नाचे साधन बंद झाले. हाती उरला तो त्या डोंगरांचा, वाटांचा आणि किल्ल्यांचा मनात साठलेला नकाशा. देवकीनंदन यांनी त्याच नकाशावर कादंबरी रचली. १८८८ च्या सुमारास 'चंद्रकांता' प्रसिद्ध होऊ लागली तेव्हा ते २७ वर्षांचे होते.

आता पहिल्या पुस्तकाकडे वळू. गोष्ट तशी साधी आहे. नौगढचा राजकुमार वीरेंद्रसिंह आणि विजयगढची राजकुमारी चंद्रकांता यांचे एकमेकांवर प्रेम आहे. विजयगढच्या वजिराचा मुलगा क्रूरसिंह याला चंद्रकांताशी लग्न करून राज्य बळकावायचे आहे. तो डाव जमत नाही असे दिसल्यावर तो चुनारच्या राजा शिवदत्तला जाऊन मिळतो. एका घरातले भांडण तीन राज्यांचे युद्ध होऊन बसते. नौगढ, विजयगढ आणि चुनार ही तिन्ही ठिकाणे खरी आहेत. विजयगढ आजच्या सोनभद्र जिल्ह्यात आहे, तर चुनारचा किल्ला मिर्झापूर जिल्ह्यात गंगेच्या काठी उभा आहे. शेरशहा आणि हुमायून यांच्यात ज्या किल्ल्यासाठी झुंज झाली तोच हा चुनार. म्हणजे कथा कल्पित असली तरी जमीन खरी आहे. नकाशा समोर ठेवून हे पुस्तक वाचता येते.

या कथेचे खरे नायक मात्र राजकुमार नव्हेत, तर ऐयार आहेत. ऐयार म्हणजे हेर, सोंगाड्या, वैद्य, धावपटू आणि लढवय्या, सारे एकाच माणसात. त्याच्या कमरेला एक बटवा असतो. त्यात चेहरा बदलण्याचे रंग, समोरच्याला बेशुद्ध करणारी भुकटी आणि शुद्धीवर आणणारे हुंगण्याचे औषध, म्हणजे लखलखा, असतो. हातात खंजीर आणि खांद्यावर कमंद, म्हणजे भिंतीवर टाकून चढण्याचा दोर. वीरेंद्रसिंहाचा ऐयार तेजसिंह हा या सर्वांत श्रेष्ठ. शिवरायांच्या बहिर्जी नाईकांच्या गोष्टी ऐकत वाढलेल्या मराठी मुलाला तेजसिंह अनोळखी वाटणार नाही. चंद्रकांताची सखी चपला हीसुद्धा तशीच तयारीची ऐयार आहे. त्या काळातल्या कादंबरीत एखादी तरुणी दोर टाकून भिंत चढते, वेष पालटून शत्रूच्या गोटात शिरते, हे आजही वाचताना नवल वाटते. आपल्या कॅडेट मुलींना चपला नक्की आवडेल.

खत्रींनी या पुस्तकाच्या प्रस्तावनेत ऐयार का महत्त्वाचे हे सांगितले आहे. राजाराजांत लढाई जुंपली की हे लोक आपल्या चतुराईने, रक्त न सांडता आणि पलटणींचे जीव न गमावता ती मिटवून टाकत, म्हणून दरबारात त्यांना मोठा मान असे, अशा अर्थाचे त्यांचे म्हणणे आहे. सैनिकी शिक्षण घेणाऱ्याने हा विचार मनात ठेवावा. वेळेवर मिळालेली खबर एका अख्ख्या तुकडीचे प्राण वाचवते. या जगात आणखी एक नियम आहे. पकडलेल्या ऐयाराला मारायचे नाही, कैदेत ठेवायचे. दोन्ही बाजूंनी हा नियम मानला जातो. युद्धकैद्यांसाठीचा स्वतंत्र जिनिव्हा करार १९२९ साली झाला. त्याच्या चाळीस वर्षे आधी काशीचा एक कादंबरीकार मुलांच्या मनावर हे बिंबवत होता की हाती सापडलेल्या शत्रूलाही मान असतो. म्हणूनच शिवदत्तचे बद्रीनाथसारखे हुशार ऐयार पुढे वीरेंद्रसिंहाच्या बाजूला येऊ शकतात आणि निष्ठेने कामही करतात.

'चंद्रकांता'तली दुसरी मोठी गोष्ट म्हणजे तिलिस्म. फार पूर्वी एखाद्या राजाने आपला खजिना लपवण्यासाठी बांधलेली, कोड्यांनी आणि सापळ्यांनी भरलेली वास्तू म्हणजे तिलिस्म. ज्याच्या नावाने ती बांधली तोच ती उघडू शकतो. चुनारच्या बाजूला एका पडक्या इमारतीत दगडाचा एक बगळा आहे. जवळ येणाऱ्याला तो चोच उघडून गिळून टाकतो! चपला आणि चंद्रकांता त्याच्या पोटात नाहीशा होतात आणि वाचक पुढची पाने झपाट्याने उलटू लागतो.

येथे खत्रींनी एक वेगळी वाट धरली. त्यांच्या थोडे आधी, १८८३ पासून, लखनौच्या नवलकिशोर छापखान्यातून 'तिलिस्म-ए-होशरुबा' ही प्रचंड उर्दू कथामाला प्रसिद्ध होऊ लागली होती. तिच्यात जादूगार आहेत, मंत्र आहेत, राक्षस आहेत. खत्रींनी तिलिस्म आणि ऐयार हे शब्द त्या परंपरेतून घेतले, पण जादू मात्र बाहेर ठेवली. त्यांच्या तिलिस्मात जे काही घडते ते यंत्राने घडते. कोठे कळ दाबली जाते, कोठे लादी सरकते, कोठे औषधी धूर निघतो. दगडी बगळ्यामागेही कारागिरी आहे. आधी थक्क करायचे आणि मग कारण उलगडून दाखवायचे, ही त्यांची पद्धत. भुताला न घाबरता त्याच्यामागची कळ शोधण्याची सवय या पुस्तकांनी अनेक पिढ्यांना लावली.

पहिल्या पुस्तकाचे यश एवढे मोठे होते की खत्रींचे आयुष्य बदलून गेले. १८९८ मध्ये त्यांनी काशीत स्वतःचा छापखाना काढला, लहरी प्रेस. ठेकेदार आता लेखक, छापखान्याचा मालक आणि प्रकाशक झाला. 'सुदर्शन' नावाचे मासिकही त्यांनी चालवले. आणि याच भरभराटीच्या काळात मालेतले दुसरे, सर्वांत मोठे काम उभे राहिले. 'चंद्रकांता संतती', एकूण २४ भाग.

'संतती'त वीरेंद्रसिंह आणि चंद्रकांता यांच्या दोन मुलांची, इंद्रजितसिंह आणि आनंदसिंह यांची कथा आहे. रंगमंच आता मोठा झाला आहे. चुनारपासून राजगीर, रोहतासगढ आणि जमानियापर्यंत गोष्ट पसरते. इंद्रजितसिंहाचे मन जिच्यावर जडते ती किशोरी ही जुना शत्रू शिवदत्त याची मुलगी. बापांचे वैर मुलांनी पुढे चालवायचे का, हा प्रश्न तेथे पहिल्या भागापासूनच उभा राहतो. जमानियाचे राजे गोपालसिंह मेले असे जगाला सांगून त्यांना मायाराणीने वर्षानुवर्षे कैदेत डांबले आहे. कमलिनी नावाची स्त्री आपल्या बुद्धीच्या जोरावर अर्धी कथा पुढे ओढून नेते. आणि अधूनमधून सावलीसारखा एक माणूस येतो. त्याच्याइतका हुशार ऐयार दुसरा नाही, पण कोणी त्याच्या भूतकाळाचे नाव काढले की त्याचा चेहरा पांढरा पडतो. त्याचे नाव भूतनाथ.

'संतती'चे गुण आणि दोष दोन्ही तिच्या आकारात आहेत. एका भागात टाकलेली गाठ दहा भागांनंतर सुटते, आणि सुटते तेव्हा वाचक टाळी देतो. पण वेष पालटलेला माणूस दुसऱ्या वेष पालटलेल्या माणसाला फसवतो, आणि त्या दोघांवर तिसराच कोणी नजर ठेवून असतो, असे प्रसंग इतक्या वेळा येतात की कोण कोणाच्या रूपात आहे हे वहीत लिहून ठेवावे लागते. ज्यांना कोडी आवडतात त्यांच्यासाठी हे पुस्तक म्हणजे मेजवानी आहे. ज्यांना सरळ गोष्ट हवी ते मध्येच दमतात.

या पुस्तकांचा भाषेवर जो परिणाम झाला तो थोडक्यात सांगायला हवा. त्या काळी संयुक्त प्रांतात कचेरीचे कामकाज फारसी लिपीतल्या उर्दूत चाले. १८९३ मध्ये काशीत नागरी प्रचारिणी सभा स्थापन झाली आणि १९०० मध्ये तेथील सरकारने कचेऱ्यांमध्ये नागरी लिपीला परवानगी दिली. पण सरकारी आदेशाने लोक वाचू लागत नाहीत. त्यासाठी वाचावेसे वाटेल असे काहीतरी हातात पडावे लागते. 'चंद्रकांता' वाचता यावी म्हणून असंख्य लोक हिंदी शिकले, असे हिंदी साहित्याच्या इतिहासात आवर्जून नोंदवले जाते. समीक्षक रामचंद्र शुक्ल यांनी या कादंबऱ्यांना उच्च साहित्यात बसवले नाही, तरीही हिंदीला सर्वांत जास्त वाचक खत्रींनी मिळवून दिले, हे मान्य केले. खत्रींची भाषा बोलीतली, सोपी. तिच्यात उर्दू शब्द मोकळेपणाने येतात. लिपी देवनागरीच असल्यामुळे मराठी मुलाला ती पहिल्या दिवसापासून वाचता येते. काशीतच, मराठी घरात जन्मलेले बाबूराव विष्णू पराडकर पुढे हिंदीतले थोर संपादक झाले. एका भाषेत पाय रोवून दुसऱ्या भाषेत चालता येते, याचे ते चांगले उदाहरण.

आता तिसरे पुस्तक. 'संतती' संपली तरी भूतनाथाचे रहस्य वाचकांच्या मनातून जाईना. म्हणून खत्रींनी त्याची जीवनकथा लिहायला घेतली. भूतनाथाचे खरे नाव गदाधरसिंह. तरुण, कर्तबगार, धाडसी. पण धनाचा लोभ आणि नावाची हाव त्याला एकेक पायरी खाली नेत जाते. दयाराम या जवळच्या माणसाच्या मृत्यूचा डाग त्याच्यावर येतो. तो कबूल करण्याऐवजी झाकायला जातो. एक गोष्ट झाकण्यासाठी दुसरी करावी लागते आणि दुसरीसाठी तिसरी. दयारामच्या स्त्रिया जमना आणि सरस्वती त्याचा सूड घ्यायला निघतात. ऐयारीत त्याला कोणी हरवू शकत नाही, तरी तो रोज स्वतःच्या भीतीकडून हरतो. 'संतती' वाचलेल्याला पुढे काय होणार हे माहीत असते. जुन्या पत्रांचा एक गठ्ठा पुढे येणार आणि राजदरबारात या माणसाची चौकशी होणार, हे ठाऊक असूनही वाचक प्रत्येक वळणावर त्याने आता तरी खरे बोलावे म्हणून तळमळतो.

ही कथा पूर्ण करणे खत्रींच्या नशिबात नव्हते. सहा भाग लिहून झाले आणि १ ऑगस्ट १९१३ रोजी, वयाच्या ५२ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. त्यांचे पुत्र दुर्गाप्रसाद खत्री यांनी अर्धवट राहिलेले काम हाती घेतले आणि 'भूतनाथ' २१ भागांपर्यंत नेऊन पूर्ण केले. वडिलांनी टाकलेल्या सगळ्या गाठी मुलाने सोडवायच्या, तेही वाचकाला सांधा दिसू न देता, हे सोपे नव्हते. गंमत पाहा, ज्या मालेच्या मध्यभागी आईवडिलांचे अपुरे काम पुढे नेणारी मुले आहेत, ती माला प्रत्यक्षातही मुलानेच पुरी केली.

पालकांपैकी पुष्कळांना 'चंद्रकांता' हे नाव पुस्तकामुळे माहीत नसेल. त्यांना १९९४ साली दूरदर्शनवर सुरू झालेली नीरजा गुलेरी यांची मालिका आठवत असेल, आणि तीतला क्रूरसिंह व त्याच्या त्या विचित्र भुवया. ती मालिका मूळ कथेपासून बरीच दूर गेली होती आणि तीत जादूही भरपूर होती. म्हणून मालिका पाहिली असली तरी पुस्तक वाचायचे राहिलेच आहे असे समजावे.

तर मग तिन्हींत चांगले कोणते? बांधणी पाहिली तर 'चंद्रकांता' पहिली येते. ती आटोपशीर आहे, वेगवान आहे आणि शेवटी सगळ्या गोष्टींचा मेळ बसतो. भटकंतीचे दिवस ताजे असताना लिहिलेली असल्यामुळे तिच्यात रानाचा वारा आहे. सहावी-सातवीच्या कॅडेटांनी येथूनच सुरुवात करावी. पसारा आणि कल्पकता पाहिली तर 'संतती'ला तोड नाही. यश मिळालेल्या, स्वतःचा छापखाना असलेल्या लेखकाचा आत्मविश्वास तिच्या पानापानांत आहे. सुटीत, सलग वेळ हाती असताना ती वाचावी. नववी-दहावीचे कॅडेट तिच्यातले डावपेच कागदावर मांडून पाहतील तर त्यांना एक चांगला व्यायाम होईल.

तरीही या पानाचे मत 'भूतनाथ'च्या बाजूने आहे. त्यात उणिवा आहेत. दोन हातांनी लिहिलेले असल्यामुळे ते सगळीकडे एकसारखे नाही, आणि आधीची दोन पुस्तके वाचल्याशिवाय ते कळतही नाही. पण तेजसिंह आपल्याला कौशल्य शिकवतो, तर भूतनाथ कौशल्य पुरेसे नाही हे शिकवतो. दोघांच्या कमरेला तोच बटवा, हातात तोच खंजीर, अंगी तीच विद्या. एक राजाच्या उजव्या हाताला बसतो आणि दुसरा सावलीत लपतो. फरक एवढाच की तेजसिंहाकडे लपवण्यासारखे काही नाही. तुम्ही येथे कवायत, निशाणेबाजी, नकाशावाचन शिकता. ते सगळे बटव्यातले सामान आहे. चूक झाली तर त्याच संध्याकाळी ती वरिष्ठांना जाऊन सांगण्याची हिंमत त्या बटव्यात मिळत नाही, ती वेगळी कमवावी लागते. गदाधरसिंहाने ती पहिल्याच दिवशी दाखवली असती तर त्याला भूतनाथ व्हावे लागले नसते.

खत्रींच्या स्वतःच्या आयुष्यातही शिकण्यासारखे पुष्कळ आहे. त्यांचा ठेका गेला तेव्हा हातात पैसा नव्हता, पण पाहिलेले एकही झाड, एकही पडकी भिंत त्यांनी वाया जाऊ दिली नाही. तुमच्यापैकी जे शिवालिकच्या डोंगरांत शिबिराला जातील त्यांनी डोळे उघडे ठेवून चालावे, वही जवळ ठेवावी. आणि ग्रंथालयात 'चंद्रकांता'चा पहिला भाग मिळाला तर घेऊन यावा. तीन पुस्तके संपल्यावर तुमचे मत वेगळे झाले तर या पानासाठी चार ओळी जरूर लिहून द्या. वाद चालू राहिला पाहिजे.